एका टनाचे सतराशे चौरस मीटर

आमच्या वन्सं कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. घरात पाहुणे होते. त्यांतल्या एका काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, तू का नाही केलंस लग्न?" वन्संनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही का केलंत?" काकूंना काही सुचेना. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मलाही अजून नीट सुचलेलं नाही, पण हे आमच्या ह्यांना सांगू नका.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. आम्ही तिघं एकाच घरात राहायचो. दोन खोल्या आमच्या, रस्त्याकडची एक त्यांची. अंगानं काडी, आवाज मात्र रस्त्याच्या पलीकडल्या माणसाला हाक मारता येईल असा. नोकरी व्यापार आकडेवारीच्या कार्यालयात. देशात काय आलं, किती आलं, कुठून आलं, ते मोजून ठेवणारं कार्यालय. त्यांच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचं लाकडाचं टेबल होतं. म्हणजे टेबल लोखंडीच, त्यावरचे आकडे लाकडाचे. मागे तीन कपाटं, डोक्यावर एकाच गतीनं फिरणारा पंखा, आणि खिडकीबाहेर ट्रक उभे करायची जागा. अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी ओंडके, फळ्या, प्लायवूड आणि विनियर यांचा हिशेब ठेवला. ऑफिसात त्यांना पणबाई म्हणायचे. साहेब काहीही बोलले, की मागून यांचं "पण साहेब" सुरू. साहेबांनाही एक नाव होतं, बघूसाहेब. रजा मागा, पंखा मागा, नवीन खुर्ची मागा, उत्तर एकच, "बघू."

मी कामाला होते ती जागा वेगळी. सरकारी बोर्ड कारखान्यात आमचं जोडखातं होतं, अडतीस बायकांचं. विनियर म्हणजे लाकडाचा पापुद्रा. ओंडका वाफवून मऊ करायचा आणि लांब पात्याखाली सोलायचा, की कागदासारखी पानं सुटतात. ती साध्या बोर्डावर चिकटवली की अख्खं कपाट भारी लाकडाचं वाटतं. ती पानं आमच्या देशात परदेशातून येतात, गठ्ठ्यांनी, आणि येतात ती अरुंद. आम्ही दोन पानांच्या रेघा जुळवायच्या, कडा भिडवायच्या, वरून पट्टी लावायची आणि एक मोठं पान करायचं. बघणाऱ्याला सांधा दिसला, तर काम फुकट. मी एकोणीस वर्षं ते काम केलं आणि मला त्याचा गर्व आहे. असू नये का? आमच्यातल्या मुकादमबाई तर डोळे मिटून नुसत्या बोटानं सांधा शोधायच्या, आणि सापडला की जोडणारीचं काही खरं नसायचं.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत खात्याच्या दारावर नोटीस लागली. देशात विनियरची आयात सतत घटत आहे, शेजारच्या देशात मात्र वाढत आहे, असं तुलनात्मक अहवालावरून दिसतं. तरी पुढच्या काळात जोडकामाची गरज उरणार नाही. जोडखातं बंद करण्याबाबत समिती तीन आठवड्यांनी निर्णय घेईल. आम्ही अडतीस जणी ती नोटीस वाचत उभ्या राहिलो, आणि आमच्या मागे छतापर्यंत न जोडलेल्या गठ्ठ्यांचा ढीग. तो ढीग कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हता. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, हे आपल्यापुरतं आहे. देशाचं चित्र वेगळं आहे." देशाचं चित्र म्हणजे अहवालातला आलेख. तो त्यांनी नोटिशीशेजारी चिकटवला होता. पंचवीस वर्षांच्या दोन रेषा. शेजाऱ्यांची वर चढणारी, आमची खाली उतरणारी. मध्ये कुठेतरी त्यांनी एकमेकींना छेद दिला होता. आणि आलेखाच्या खाली, बारीक अक्षरात, संकलन करणारीची सही होती. ती सही मी ओळखत होते. आमच्या घरच्या दुधाच्या वहीत रोज तीच असायची.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. वन्सं आपल्या खोलीत पंचा वाळत घालत होत्या. मी चपलाही न काढता दारात उभी राहिले.

"वन्सं, माझ्या पोटावर पाय द्यायचा होता तर तोंडावर सांगायचं. अहवालात कशाला लिहायचं?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारा! एका घरात राहतो, ताटाला ताट लावून जेवतो, आणि तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. आमचं खातं बंद करताहेत, तुमच्या सहीनं!"

त्यांनी पंचा दोरीवर टाकून सारखा केला. मग शांतपणे म्हणाल्या, "अहवाल छापून होईपर्यंत घरी बोलायचं नसतं. नियम आहे. आणि खातं बंद करतील हे मला माहीत नव्हतं. आयात घटली हे खरं आहे, त्याला मी काय करू? तुझ्यासाठी रेघ वर ओढू?"

त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला, तसा आजवर कुणाचाच आलेला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? आमचे हे शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. ते आतल्या खोलीत एक मशीन उघडून बसले होते, त्यांनी हळूच दार लोटून घेतलं. शहाणे.

"घटली?" मी म्हणाले. "या एकदा आमच्या खात्यात, दाखवते काय घटलं ते! काम दुप्पट झालंय आमचं. पूर्वीचं पान कसं, उभं धरलं की ताठ राहायचं. आताचं पान मान टाकतं. हातात घेतलं की पलीकडची खिडकी दिसते त्यातून! पट्टी लावताना श्वास सोडला तर उडतं. दिवसाला चार पानं फाटतात माझ्या हातची, माझ्या, एकोणीस वर्षांच्या हातची. आणि तुम्ही म्हणता घटलं!"

मी अजून बरंच बोलले असते. पण वन्संचा चेहरा बदलला होता. त्या बिछान्यावर बसल्या.

"खिडकी दिसते?" त्यांनी विचारलं.

"दिसते म्हणजे? गज मोजता येतात."

"उद्या मला एक पान आणून देशील?"

मला वाटलं, माझी समजूत काढायला विचारताहेत. तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून फाटलेल्या पानाचा हातभर तुकडा आणला. वन्संनी ऑफिसातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणला होता. तुकडा त्यात धरला, चकती फिरवली, वाचलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाचलं. असं सात वेळा. मग मायक्रोमीटर मिटून पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे."

आता ही चूक काय होती ते नीट सांगायला हवं, कारण घोडं तिथंच पेंड खात होतं. आमच्या बंदरावर विनियरचा गठ्ठा काट्यावर चढतो. म्हणजे आम्ही वजन लिहितो. शेजारी लोक पानांचं क्षेत्रफळ लिहितात. टन आणि चौरस मीटर यांची तुलना कशी करणार? म्हणून आमचे टन चौरस मीटरमध्ये बदलून घेतात. त्यासाठी एक ठरलेला आकडा होता: एका टनाचे सतराशे चौरस मीटर. हा आकडा वन्संनीच काढलेला. नोकरी लागून सहा महिने झाले होते. तेव्हाच्या साहेबांनी त्यांना बंदरावर पाठवलं. महिनाभर उन्हात उभं राहून त्यांनी गठ्ठ्यांमागून गठ्ठे मोजले. पानाची जाडी सरासरी पॉइंट नऊ मिलिमीटर निघाली. त्यावरून सतराशे. हिशेब इतका चोख, इतका नेटका होता, की तो पुन्हा तपासून बघावा असं पुढे कुणालाच वाटलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

आणि पानं मात्र दर वर्षी पातळ होत गेली. सोलणारी यंत्रं सुधारली, झाडं कमी झाली, एका ओंडक्यातून जास्त पानं काढायची चढाओढ लागली. मी आणलेला तुकडा पॉइंट साडेचार होता. नेमका निम्मा. किलोभर सतरंज्या घेतल्या तर एक कोपरा झाकेल, किलोभर ओढण्या घेतल्या तर खोलीभर अंथरता येतील. वन्संचं कार्यालय अजून ओढण्यांना सतरंज्या समजून मोजत होतं. देश रेषेवर खाली घसरत होता, पण घसरत होतं ते फक्त वजन.

"एका तुकड्यावरून काही सिद्ध होत नाही," वन्सं म्हणाल्या. "पंचवीस वर्षांची पानं पाहिजेत."

ती आमच्याकडे होती. आमच्या खात्यात एक रीत आहे. प्रत्येक गठ्ठ्यातली बोटभर पट्टी कापायची, मागे तारीख लिहायची आणि भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायची. वर्षभरानं एखादं कपाट दुरुस्तीला आलं तर रंग आणि रेघ जुळवायला ती पट्टी लागते. भिंतभर अशा तारा. व्यवस्थापकांना वाटायचं, बायका नाद म्हणून लटकवतात. मुकादमबाईंनी वन्संना आत घेतलं, एक स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "मोजा. पण क्रम बिघडला तर हात तोडीन." वन्सं अकरा दिवस सकाळी कचेरी उघडायच्या आधी येऊन मोजत होत्या. पॉइंट नऊ, पॉइंट आठ, पॉइंट सात, सहा. भिंतीवरून पुढे सरकत जावं तसं पान झिजत जात होतं. अकराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं मी आकडे मोजले, आणि पान हातात धरलं नाही. लाज वाटते मला." त्यांनी हे कुणाकडून सहानुभूती मिळावी म्हणून म्हटलं नव्हतं. मुकादमबाईंनी दिलीही नाही.

नवीन तक्ता घेऊन वन्सं बघूसाहेबांकडे गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी संध्याकाळी आम्हाला शब्दन् शब्द सांगितलं. नक्कलही केली, नक्कल त्यांना छान यायची.

"साहेब, अहवाल चुकीचा आहे. समितीला कळवायला हवं."

"बघू."

"बघू नाही साहेब. बैठक नऊ दिवसांवर आहे."

साहेबांनी तक्ता वाचला. माणूस वाईट नव्हता, आकडे कळणारा होता, म्हणून तर त्याची पाचावर धारण बसली. "बाई, हे खरं धरलं तर मागचे पाच अहवाल खोटे ठरतात. माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. आणि तुमचं काय? मुख्य संकलकाच्या जागेसाठी एकच नाव वर गेलंय, तुमचं. पुढच्या महिन्यात सही होईल. मुळातला आकडा तुमचा आहे, हे विसरू नका."

"विसरले नाही, म्हणून तर आले."

"आणि लोक काय म्हणतील? तुमची भावजय त्या खात्यात आहे म्हणे."

"आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर मला कळलं. तुमचं कुणी तिथं असतं तर तुम्हालाही कळलं असतं."

साहेबांनी तक्ता खणात ठेवला आणि खण बंद केला. पुढच्या अहवालात, पाच वर्षांनी, नवा आकडा घेता येईल म्हणाले. पाच वर्षांनी! तोवर आमच्या खात्यात उंदीर नांदले असते.

हे ऐकून आमचे हे गडबडले. "ताई, जागा हातातोंडाशी आली आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला? भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटते का कधी?"

"फुटत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण आत बसलेल्याची झोप तरी मोडते."

मीही, खरं सांगते, त्या रात्री त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "वन्सं, माझ्यासाठी करू नका. मला दुसरं काम मिळेल." पुढे मान वर करून बोलता यावं म्हणून म्हटलं असेन, मनातून वाटत होतं त्यांनी ऐकू नये. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुझ्यासाठी कोण करतंय? एवढी लाडकी नाहीस. माझ्या नावानं खोटं छापलंय, ते मला चालत नाही."

बैठकीचा दिवस आला. खात्याच्या वतीनं दोघींना बसायची परवानगी होती, मुकादमबाई आणि मी. लांबलचक टेबल, त्याभोवती समितीचे पाच जण. मध्यभागी अध्यक्षबाई, जाड चष्मा, समोर आमचा अहवाल. बघूसाहेब एका टोकाला. वन्संना बोलायचा अधिकार नव्हता. कागद लागले तर द्यायला त्या भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी दोन गठ्ठे आणि टपालखात्यातला पार्सलचा काटा होता. शिपायानं विचारलं तेव्हा त्यांनी "नमुने" एवढंच सांगितलं होतं.

बघूसाहेबांनी अहवाल वाचला. रेषा वर, रेषा खाली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आकड्यांबद्दल कुणाला काही शंका?"

"पण," भिंतीकडून आवाज आला.

बघूसाहेबांनी डोळे मिटले.

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हे आकडे मी काढलेत. ते चुकीचे आहेत."

"तुम्हीच काढलेत आणि तुम्हीच चुकीचे म्हणता?"

"दुसरं कोण म्हणणार? मलाच माहीत आहे कुठं चुकलंय ते."

समितीतले एक गृहस्थ म्हणाले की असं मध्येच बोलण्याची पद्धत नाही, लेखी द्यावं. वन्सं म्हणाल्या, "लेखी दिलंय. साहेबांच्या उजव्या खणात आहे." खोलीत कुणीतरी खोकलं. बघूसाहेब समोरचे कागद उगाच जुळवत बसले. त्यांची मला तेव्हा दयाही आली, पण थोडीच.

वन्संनी काटा टेबलावर ठेवला. पहिला गठ्ठा त्यावर ठेवला. "बघा. पाच किलो." दुसरा ठेवला. "हाही पाच किलो. आमच्या कार्यालयाच्या हिशेबानं दोन्ही गठ्ठे सारखेच. बरोबर?" अध्यक्षबाईंनी मान हलवली. "हा पंचवीस वर्षांपूर्वीचा माल, खात्याच्या माळ्यावर पडून राहिलेला. हा या वर्षीचा." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चला गं. अंथरा."

मुकादमबाई आणि मी उठलो. आधी जुना गठ्ठा सोडला. जाड, ताठ पानं, कडेला कडा लावून आम्ही टेबलावर मांडत गेलो. समितीनं आपले पाण्याचे पेले हातात घेतले. गठ्ठा संपला तेव्हा टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलं होतं, बस्स, तेवढंच. मग नवा गठ्ठा. आधी त्याच टेबलावर, जुन्या पानांच्या वरून. टेबल भरलं, गठ्ठा अर्धाच झाला होता. मग रिकाम्या खुर्च्यांवर. मग जमिनीवर. एका सभासदाला पाय वर घ्यायला सांगावं लागलं, त्यांनी घेतले. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून मांडत दारापर्यंत गेलो, आणि शेवटचं पान उंबऱ्यावर टेकलं. मुकादमबाईंनी कमरेवर हात ठेवून समितीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता सांगा, कुठल्या गठ्ठ्याला जोडायला जास्त बायका लागतात?"

अध्यक्षबाई उठल्या. पानांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून चालत आल्या, एक पान उचललं आणि उजेडात धरलं. बराच वेळ त्या त्यातून खिडकीकडे बघत होत्या.

"मग खरे आकडे काय?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकशे छत्तीस लाख चौरस मीटर आणत होतो. अहवालात आज पंच्याऐंशी लाख लिहिलंय. खरे एकशे सत्तर लाख आहेत."

"आणि शेजारी?"

"नव्वद लाखांवरून एकशे ऐंशी."

"म्हणजे ते तरीही आपल्या पुढे आहेत."

मला वाटलं, इथं जरा सांभाळून घ्यावं वन्संनी. चार लाख इकडचे तिकडे केले तर कोण बघणार होतं! पण त्या म्हणाल्या, "पुढे आहेत. ते दुप्पट झाले, आपण सव्वापट. तेही लिहा. आपण मागे पडलो म्हणा, मला चालेल. आपण संपलो म्हणू नका. ते खोटं आहे."

अध्यक्षबाई म्हणाल्या की त्यांना पटलंय, पण समिती छापील अहवालावरच चालते. कार्यालयानं रीतसर शुद्धिपत्र काढलं तर निर्णय बदलेल. किती दिवसांत निघेल? बघूसाहेब उभे राहिले. शुद्धिपत्राला चूक करणाऱ्याचं नाव आणि लेखी कबुली लागते, म्हणाले, जबाबदारी निश्चित करावी लागते, त्याला वेळ...

"माझं नाव घाला," वन्सं म्हणाल्या. "कबुली आत्ता लिहून देते. पेन आहे का कुणाकडे?"

अध्यक्षबाईंनी स्वतःचं पेन पुढे केलं. वन्संनी पानांनी झाकलेल्या त्या टेबलावर, एका पानावर कागद ठेवून, उभ्याउभ्या लिहिलं. अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, सत्तावीस वर्षं, जाडी न तपासता जुना आकडा वापरला. चूक माझी. खाली सही. त्याखाली नवा तक्ता, आणि एक ओळ: सोबतच्या तक्त्याशिवाय ही कबुली अपुरी समजावी. माझ्या नणंदेइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. पण त्या दिवशी त्या हट्टाला मी मनातून वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर मात्र नेहमीसारखं भांडले, नाहीतर त्यांना संशय आला असता.

शुद्धिपत्र आठ दिवसांत निघालं. जोडखातं राहिलं. दुसरी नोटीस लागली तेव्हा मुकादमबाईंनी ती वाचली, घडी घातली आणि सगळ्यांना म्हणाल्या, "झालं ना? कामाला लागा, दुपारपर्यंत सहा पानं झाली पाहिजेत."

वन्संना मुख्य संकलकाची जागा मिळाली नाही. ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळाली. चौकशी झाली, आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावरून खाली आणून आवक खिडकीवर बसवलं. तिथं बंदरावरचे कागद घ्यायचे, शिक्का मारायचा, पावती द्यायची. पंखासुद्धा नव्हता. चौकशीच्या पत्रात "निष्काळजीपणा" असा शब्द होता. वन्संनी त्यावर उत्तर पाठवलं: "चूक मान्य. निष्काळजीपणा अमान्य. काळजीनं काढलेला आकडाच जास्त दिवस टिकतो, म्हणून ही चूकही टिकली." हे उत्तर ऑफिसात कुणीतरी हातानं उतरवून घेतलं आणि ते मजल्यामजल्यावर फिरलं म्हणतात.

सहा महिने गेले. एका सकाळी मी कारखान्याचे कागद द्यायला त्याच खिडकीवर रांगेत उभी होते, तेव्हा बघूसाहेब स्वतः जिना उतरून खाली आले. हातात एक छापील कागद. नवा संकलक आकड्यांच्या घोळात बुडाला होता, वर वन्संशिवाय पान हलत नव्हतं.

"बाई, वरून मंजुरी आलीय. तुमची जागा तुम्हाला परत. एवढी सही करा, की दुपारीच वर या."

वन्संनी कागद वाचला. रांग थांबली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"यात लिहिलंय, 'यापुढे माझ्या हातून चूक होणार नाही, अशी मी हमी देते.'"

"हो. ठरलेला मजकूर आहे."

"ही हमी मला देता येत नाही."

"अहो, सगळे देतात! कुणी वाचतसुद्धा नाही."

"मी वाचली ना. साहेब, परवा बंदरावर पॉइंट तीनचं पान आलंय. आज मी काढलेला आकडा दोन वर्षांत शिळा होणार आहे. मी कशी लिहून देऊ, चूक होणार नाही म्हणून? होईल. हवं तर लिहून देते, चूक झाली तर मी स्वतः येऊन सांगेन. ही ओळ घालता?"

बघूसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग रांगेकडे. सवयीनं काय म्हणणार ते आम्हाला माहीत होतं. पण त्या दिवशी माणसानं आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. "नाही चालणार, बाई."

"मग मीही नाही येत," वन्सं म्हणाल्या. कागद परत दिला, शिक्का शाईत बुडवला आणि मला म्हणाल्या, "पुढे या. कागद?" मला, स्वतःच्या भावजयीला, ओळखही दाखवली नाही. खिडकीच्या त्या बाजूला मी म्हणजे फक्त रांगेतली पुढची बाई.

त्या खिडकीवर वन्सं पाच वर्षं बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्या पाच वर्षांत त्यांच्या हातून तीन चुका झाल्या. तिन्ही वेळा त्या स्वतः जिना चढून वर गेल्या आणि सांगून आल्या.